चाकांवरची क्लॅम्प-घोडी : १८ मिमीच्या एका शीटमध्ये बसेल का?

गुण्या
नमस्कार मंडळी. घरच्या वर्कशॉपसाठी क्लॅम्प (गोंद लावलेल्या फळ्या आवळून धरायचे शिकंजे) ठेवायची चाकांची घोडी करायची आहे. खोली १० बाय १२, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. घर जुन्या पेठेतलं. भिंत दगड-मातीची असल्यामुळे तिच्यात अँकर धरत नाही, सबब भिंतीवरची पट्टी बाद.

क्लॅम्प असे:
एफ क्लॅम्प: ३ फुटी ८, २ फुटी १०, १ फुटी १०
जी क्लॅम्प ४ इंची: ८
सॅश क्लॅम्प (सपाट लोखंडी दांड्याचे) ४ फुटी: ४
पाइप क्लॅम्प, पाऊण इंची पाइप, ५ फूट: ४
स्प्रिंगचे चिमटे १५-२०

प्रश्न तीन. १८ मिमी प्लायच्या ८ बाय ४च्या एका शीटमध्ये काम होईल का? चाकं किती इंची घ्यावीत? खाचा किती रुंद ठेवाव्यात?

पाचर
काय करलालाव राव, एवढ्या क्लॅम्पला गाडा? १०-१५ क्लॅम्प असते तर सरळ सांगितलं असतं की दोन बाभळीच्या खुंट्या ठोका आणि मोकळे व्हा. तुमचे ४४ आहेत, म्हणून गप बसतो. तरी एक विचारतो. १० बाय १२च्या खोलीत गाडा फिरवायला जागा कुठाय? एका जागी उभाच राहणार असेल तर चाकांचा खर्च कशाला?

सहा_सूत
पाचर, फिरवायचं कारण आपल्याकडचा उन्हाळा. मेमध्ये पारा ४२च्या वर गेला की पत्र्याखाली पांढरा गोंद पाच मिनिटांत साय धरतो. टेबलटॉपच्या पाच फळ्यांना गोंद लावून झाला आणि क्लॅम्प खोलीच्या दुसऱ्या टोकाला राहिले, तर तिसरा क्लॅम्प आवळेपर्यंत पहिली सांध सुकायला लागते. मग कितीही आवळा, सांध्यात गोंदाची जाड रेघ राहते आणि जोड कच्चा बसतो. घोडी टेबलाला खेटून उभी करता आली पाहिजे, आणि लागेल तो क्लॅम्प एका हाताने निघाला पाहिजे. बाकी सगळं या दोन गोष्टींच्या मागून येतं.

गुण्या, एका शीटमध्ये बसतं. आकार घोडीचाच, म्हणजे दोन पाखी वर जवळ आणि खाली फाकलेली. काप या क्रमाने मारा. करवतीचा काप ३ मिमी धरला आहे, सगळी मापं मिमीत.

२४४० लांबीतून ७५०चे दोन आडवे तुकडे काढा. ही दोन पाखी, प्रत्येकी ७५० × १२२०. उरतं ९३४ × १२२०. त्यातून ६३४ काढलं की तळ झाला, ९३४ × ६३४. आता राहिलं ९३४ × ५८३. त्याचा ७५०वर काप मारा. ७५० × ५८३च्या तुकड्यातून ८० मिमी रुंदीच्या सात पट्ट्या निघतात (५६० आणि सहा काप १८, एकूण ५७८). शेवटच्या १८१ × ५८३च्या चिंधीतून १४० × १८०चे चार तुकडे.

सात पट्ट्यांपैकी तीन खाचांच्या. तीन उभ्या चिरून त्या खाचपट्ट्यांखाली टेकू म्हणून लावायच्या. एकीचे दोन तुकडे करून घोडीच्या टोकांना, लांब क्लॅम्प अडकवायला. चार चौकोनी तुकड्यांपैकी दोन माथ्यावर आणि दोन तळाशी कामाला येतात, ते पुढे लिहितो.

पहिले दोन आडवे काप प्लायच्या दुकानातच मारून मिळत असतील तर मारून घ्या. अख्खं शीट न्यायला छोटा हत्ती सांगावा लागतो, तुकडे रिक्षातून येतात. प्लाय बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारा) घ्या. पत्रा गळतो आणि फरशी पुसली जाते, एमआर (नुसत्या दमटपणाला टिकणारा) खालच्या कडेने फुगतो. आणि १८ म्हणून दिलेला प्लाय बऱ्याचदा १७ किंवा साडेसतरा भरतो, म्हणून खोबणी मारण्याआधी कॅलिपर लावून बघा.

गुण्या
हिशेब कळला. पण पाखं १२२० म्हणजे ४ फूट. सॅश क्लॅम्प ४ फुटी. ते वरून टांगले तर बरोबर तळाला टेकतील ना?

कानस
टेकणार नाहीत, अडणार. ४ फुटी म्हणजे जबड्यांमधलं अंतर ४ फूट. डोकं, स्क्रू आणि दांडा धरून एकूण लांबी त्याहून ५-६ इंच जास्त भरते. तसंच ३ फुटी एफ क्लॅम्प साधारण १०५० मिमी होतो आणि २ फुटी ७३०च्या आसपास. खाचपट्टीच्या जागा ठरवण्याआधी प्रत्येक मापाचा एक क्लॅम्प टोकापासून टोकापर्यंत टेपने मोजा. छापील माप धरून पट्टी ठोकली की पुन्हा काढावी लागते, आणि प्लायच्या कडेतला स्क्रू दुसऱ्यांदा तसा धरत नाही.

सॅश आणि पाइप टांगूच नका. ते घोडीच्या टोकाला तळावर उभे राहू देत, वर एका खाचेत अडकवून.

सहा_सूत
कानसचं बरोबर. तळ ९३४ आणि पाखी ७५० ठेवली आहेत ती यासाठीच. एका टोकाला ३४ मिमी सोडा, दुसऱ्या टोकाला १५०. त्या १५०मध्ये आठही लांब क्लॅम्प उभे राहतील.

पाख्यांचं बूड तळाच्या कडेपासून ३० मिमी आत, म्हणजे दोन बुडांच्या बाहेरच्या बाजूंमध्ये ५७४. माथ्यावर १५० ठेवायचे. असं धरलं की प्रत्येक पाखं १० अंशांनी आत झुकतं. पाख्याची वरची आणि खालची कड करवत १० अंशांवर लावून तासून घ्या.

या १० अंशांचा फायदा असा की पाख्याला काटकोनात मारलेली खाचपट्टी आपोआप आतल्या बाजूला उतरती होते. क्लॅम्प स्वतःच्या वजनाने पाख्याकडे सरकून बसतो, गाडा ढकलताना उडून बाहेर येत नाही. सरळ उभ्या फळीवर हेच करायचं तर प्रत्येक खाचेला पुढे ओठ ठेवावा लागतो, मग काढताना क्लॅम्प दोन इंच उचलावा लागतो.

खाचपट्ट्यांच्या जागा, पाख्यावर तळापासून मोजून: अ बाजूला एकच, ११९०वर, ३ फुटींसाठी. ब बाजूला दोन, ११९०वर २ फुटींसाठी आणि ४३०वर १ फुटींसाठी. ११९०मधून ७३० गेले की ४६० उरतात, खालच्या पट्टीला वरचे दांडे घासत नाहीत.

कानस
आता खाचा. जाड एफ क्लॅम्पचा दांडा बहुतेक ३० × ८ मिमी असतो. खाच १२ रुंद, ५५ खोल. ८च्या दांड्याला १० केली तर पावसाळ्यात प्लाय फुगल्यावर अडकते, १५ केली तर क्लॅम्प तिरका होऊन शेजाऱ्याच्या दांड्यात गुंततो. दोन खाचांच्या मध्यातलं अंतर ६०. दोन्ही टोकांना ७५ सोडले की ७५०मध्ये ११ खाचा येतात. ६०च्या खाली उतरू नका, लाकडी मुठी एकमेकींवर चढतात आणि एक ओढला की तीन येतात.

पाऊण इंची पाइपचा बाहेरचा व्यास २७ मिमी धरा, खाच ३० आणि अंतर ९०, कारण पाइप क्लॅम्पचं डोकं रुंद असतं.

खाच पाडायची रीत: तिन्ही पट्ट्या एकावर एक ठेवून टोकांना दोन बारीक खिळ्यांनी जखडा. खाचेच्या आतल्या टोकाला १२ मिमीचं होल, खाली टाकाऊ फळी ठेवून, म्हणजे शेवटचा थर फुटत नाही. मग बाहेरच्या कडेपासून होलापर्यंत हातकरवतीने किंवा जिगसॉने दोन काप. जिगसॉचं पातं जाड थप्पीत खाली वाकतं आणि खालच्या पट्टीची खाच भलतीकडे जाते. जिगसॉच वापरायचा असेल तर एकेक पट्टी कापा. दोन खाचांमधल्या दातांची टोकं कानशीने गोल करा आणि ८० नंबरचा कागद फिरवा. प्लायची कोरी कड तळहातात कूस सोडते.

पाचर
कडेत स्क्रू मारून पट्टी उभी करणार आणि तिच्यावर २०-२२ किलो लोखंड टांगणार? प्लायचे थर उकलतील बगा.

सहा_सूत
नुसत्या स्क्रूवर ठेवली तर उकलतीलच. म्हणून पाख्यात ५ मिमी खोल खोबणी मारायची, प्लायच्या मोजलेल्या जाडीइतकीच रुंद. पट्टी गोंद लावून तिच्यात बसवायची. मागून ८ नंबरचे ५० मिमी स्क्रू, आधी ३ मिमीचं होल. पट्टीखाली चिरलेल्या पट्टीचा टेकू, गोंद आणि स्क्रू लावून. मग भार खोबणी आणि टेकू घेतात. स्क्रूने फक्त पट्टी मागे ओढून धरायची.

इथे एक चूक हमखास होते. पट्टीचे ५ मिमी खोबणीत जातात, बाहेर ७५ राहतात. त्यातली खाच ५५. म्हणजे खोबणीच्या बुडापासून खाचेपर्यंत २५ मिमीच लाकूड. ५०चा स्क्रू पाख्याचे १३ मिमी ओलांडून पट्टीत ३७ मिमी घुसतो. तो खाचेच्या रेषेत मारला तर टोक खाचेत बाहेर येतं आणि पहिल्याच दिवशी बोट फाटतं. स्क्रू दाताच्या मध्यावरच मारा, एकाआड एक दातात. ६ स्क्रू पुरतात.

आणि हे सगळं पाखी आडवी असताना उरकून घ्या. घोडी उभी केली की माथ्याच्या १५० मिमीच्या फटीतून ड्रिल आत जात नाही.

ओळंबा
खाचांवर बरंच झालं. आता घोडी कलंडते कशी ते बघू. चाकांच्या उंच गाड्यात पहिली अडचण तीच असते.

आधी वजन. शीट ३३ किलो. ३ फुटी ८ × २.७ = २२, २ फुटी १० × २ = २०, १ फुटी ९, जी क्लॅम्प ८, सॅश १८, पाइप १६. चाकं आणि आधाराचं लाकूड धरून १३५ किलोच्या आसपास. (पाऊण इंची मध्यम जाडीचा पाइप मीटरला दीड किलोच्या थोडा वर भरतो, ३० × ८ची पट्टी मीटरला १.९ किलो. आपापला हिशेब त्यावरून करा.)

चाकाची क्षमता १३५ भागिले ४ अशी काढू नका. शहाबादी फरशी कधीच एका पातळीत नसते, एक चाक नेहमी अधांतरी राहतं. भागिले ३ करा, ४५ येतात. ७५ किलो क्षमतेचं चाक घ्या.

आता कलंडणं. ६३४च्या तळाखाली, कडेपासून ६० मिमी आत चाकांचा मध्य धरला तर मध्यापासून अंतर २५७. पण फिरतं चाक आत वळलं की टेकण्याची जागा आणखी साधारण ३५ मिमी आत सरकते. उरले २२२. जमिनीपासून १२०० उंचीवर आडवा जोर लावला आणि चाक फटीत अडलेलं असलं, तर कलंडायला लागणारा जोर = १३५ × २२२ ÷ १२०० = २५ किलो. हे दोन्ही बाजू भरलेल्या असताना.

गोंदकाम चालू असताना अ बाजूचे सगळे ३ फुटी काढले, की वजन ११३ राहतं आणि त्याचा मध्य ब बाजूला ५५ मिमी सरकतो. मग ११३ × १६७ ÷ १२००, जेमतेम १६ किलो. घाईत खांदा लागला तरी एवढा जोर पडतो.

गुण्या
१६ किलो फारच कमी वाटतात. तळ रुंद करायचा तर शीट पुरणार नाही.

ओळंबा
तळ आहे तेवढाच ठेवा, चाकं बाहेर काढा. ४ × २ इंची लाकडाचे दोन आडवे तुकडे तळाखाली, दोन टोकांना, आणि चाकं त्यांच्या टोकाशी. लाकूड बाभळीचं किंवा कडुनिंबाचं चालेल, पण सुकलेलं हवं. ओल्या बाभळीवर बोल्ट आवळले की दोन महिन्यांत ढिले होतात. साल लागलेली पांढरी बाजू तासून टाका, भुंगा तिथूनच शिरतो.

लांबी किती? मनात ८०० येईल, पण आधी दार मोजा. भिंतीतलं ३ फुटी भगदाड चौकट बसल्यावर आतून पावणेआठशेच्या आसपास उरतं, त्यात दार पूर्ण उघडत नसेल तर आणखी कमी. मी ७३० घेतो. चाकाची पट्टी १०५ मिमी धरली तर चाकांच्या मध्यांमधलं अंतर ६२५, एका बाजूला ३१२, चाक आत वळल्यावर २७७. भरलेल्या घोडीला ३१ किलो जोर, अ बाजू रिकामी असताना २१.

त्यावर आपल्याकडचा फुकटचा उपाय: शहाबादीचे तुकडे. २ × १ फूट, २५ मिमी जाडीची फरशी साधारण १२ किलो. दोन फरश्या पाख्यांच्या आत तळावर एकावर एक आडव्या टाका. अ बाजू रिकामी असताना २१चे २६ होतात, भरलेल्या घोडीला ३७. वजनाचा मध्यही खाली उतरतो. एकूण १५९ किलो, भागिले ३ म्हणजे ५३. ७५चं चाक अजून पुरतं.

ढकलायचं नेहमी लांबीच्या दिशेने. तिकडे टेकण्याचं अंतर मध्यापासून ३८०च्या वर आहे, घोडी सहसा कलंडत नाही. म्हणून मूठ टोकाला बसवा, पाख्यावर नको.

पटाशी
चाकांबद्दल. २ इंची चाक शहाबादीच्या सांध्यात रुततं, ३ इंची अडखळत जातं, ४ इंची निघून जातं. उंबरा असेल तर ४ इंचीलाही पाचर लागेल, म्हणजे लाकडी उताराचा तुकडा. इंचभर उंच उंबऱ्याला निदान फूटभर लांब.

काळ्या स्वस्त रबराची चाकं घेऊ नका. महिनोन्‌महिने एकाच जागी भार राहिला की चपटी होतात, वर पत्र्याखालच्या उकाड्यात फरशीवर काळे डाग सोडतात. नायलॉन भार घेतो, पण फरशीवर खडखडतो आणि खाली एखादा स्क्रू आला की जागीच थांबतो. घोडी थांबते, क्लॅम्प थांबत नाहीत. पीयू (पॉलियुरेथेन) घ्या.

चारही चाकं फिरती, चारही ब्रेकवाली. दोन ब्रेकवर भागवलं तर घोडी ब्रेकच्या बाजूभोवती फिरते. ब्रेक असा बघा की चाकाबरोबर वरची मानही जखडते. नुसतं चाक जखडणाऱ्या ब्रेकमध्ये मान फिरत राहते आणि प्रत्येक क्लॅम्प ओढताना घोडी दोन इंच नाचते.

गुण्या
जी क्लॅम्प आणि चिमटे कुठे ठेवायचे? दोन्ही बाजू तर भरल्या.

सहा_सूत
ते माथ्यावर म्हटलं होतं ना. १४० × १८०च्या तुकड्यांपैकी दोन घ्या. वरची रुंदी ११३, खालची १६२, उंची १४० असे निमुळते कापा. हे दोन पाख्यांच्या मध्ये, माथ्याच्या दोन टोकांना बसतात आणि पाख्यांना जोडून धरतात. बसवण्याआधी दोन्हींत पाइप जाईल असं होल पाडा आणि लांबीने पाऊण इंची पाइपचा तुकडा ओवा. आठ जी क्लॅम्प त्याच्यावर नुसते अडकवायचे, स्क्रू आवळायचा नाही. आवळले तर गरजेला दोन हात लागतात.

उरलेले दोन तुकडे तळाशी, पाख्यांच्या आतून टेकू म्हणून लावा.

चिमट्यांना वेगळं काही करू नका. पाख्यांच्या उभ्या कडा १८ मिमीच्या आहेत, तिथेच लावत जा.

पाचर
पाइप म्हटला म्हणून सांगतो. भंगारात यंत्रमागाचे पाइप निघतात, स्वस्त मिळतात. पण बीमचा (मागावर सूत गुंडाळायच्या रुळाचा) पाइप जाड आणि मोठा असतो, क्लॅम्पचं डोकं त्यावर चढत नाही. पाऊण इंची जीआय (जस्त चढवलेला) किंवा काळा पाइपच घ्या आणि टोकाचे आटे प्लंबरच्या डायने पाडून घ्या. बाहेरच्या बनावटीच्या डोक्याचे आटे आपल्या पाइपच्या आट्यांशी तंतोतंत जुळत नाहीत, पण पाऊण इंचीला दोन्हीकडे इंचाला १४ आटे, त्यामुळे हाताने ४-५ फेरे बसतात. तेवढे पुरतात.

कानस
घोडीला जोडूनच क्लॅम्पची निगा सांगतो. एफ क्लॅम्पच्या दांड्याला तेल किंवा मेण लावू नका. सरकता जबडा तिरका होऊन घर्षणावरच धरतो, तेल लागलं की ऐन आवळताना निसटतो. तेल फक्त स्क्रूला. पाइप क्लॅम्पच्या चकत्यांचंही तेच, पाइपला रंग द्यायचा नाही.

साग किंवा बाभूळ चिकटवताना ओला गोंद आणि लोखंड एकत्र आले की लाकडावर निळसर काळा डाग पडतो आणि तो रंध्याने दोन-तीन पापुद्रे काढल्याशिवाय जात नाही. म्हणून दांडा आणि लाकूड यांच्यामध्ये मेणकागद. त्या कागदाची गुंडाळी, पॅकिंगच्या पट्ट्या, गोंदाची बाटली पाख्यांच्या आत शहाबादीवर ठेवा. तिथे सावलीही असते. वर जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा टाकला की भुसा स्क्रूंच्या आट्यात बसत नाही. प्लास्टिकने झाकू नका, पावसाळ्यात आत घाम धरतो आणि दांडे तांबूस होतात.

पटाशी
बोल्ट कुणीच लिहिले नाहीत. चाकाची पट्टी ३, लाकूड ५०, तळ १८, वायसर २, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) ८. बेरीज ८१, म्हणून एम८ × ९०. पण चाकं बाहेर काढल्यामुळे प्रत्येक चाकाचे बाहेरचे दोन बोल्ट तळाच्या पलीकडे येतात, तिथे फक्त ५०चं लाकूड. त्यांना एम८ × ७०. एकूण ८ लांब, ८ आखूड.

बोल्ट खालून वर घाला, डोकं खाली आणि नट वर. उलटे घातले तर ९ मिमी आटे चाकाच्या मानेपाशी लोंबतात आणि ब्रेकची पट्टी त्यांना अडते. चाक अर्धा फेरा फिरून थांबलं तर आधी तिथेच बघा. नटाखाली मोठा वायसर, नाहीतर प्लायमध्ये रुतत जातो.

ओळंबा
पटाशी, इथे एक घोळ आहे. आतले बोल्ट मध्यापासून ३१२ − ४० = २७२वर येतात. पाख्याच्या बुडाची बाहेरची बाजू २८७, आतली २६९. म्हणजे आतला नट बरोबर पाख्याच्या बुडाखाली. लांबीच्या दिशेने चाकाचे बोल्ट टोकापासून २० आणि ८०वर, आणि सहा_सूतने पाखी एका टोकाला ३४ वरच सुरू केली आहेत. ८०चा नट पाख्याखाली अडकणार.

सहा_सूत
खरंय, ते निसटलं. पाख्याच्या बुडाला नटापुरती खाच पाडता येईल, पण मग बोल्ट पुन्हा कधी आवळता येणार नाही, आणि लाकूड सुकलं की आवळावे लागतातच.

त्यापेक्षा पाखी मध्यभागी घ्या. ९३४मधून ७५० गेले, दोन्ही टोकांना ९२ मिमी. ८०चा नट मोकळा राहतो. वायसर मात्र २० मिमीच्या आतला घ्या, त्याहून मोठा पाख्याला टेकेल. पाखी बसवण्याआधी चारही चाकं लावून नट आवळून बघा.

आठ लांब क्लॅम्प दोन टोकांना वाटा: एकीकडे चार सॅश, दुसरीकडे चार पाइप. डोक्याचा जड भाग खाली. सातव्या पट्टीचे दोन तुकडे पाख्यांच्या कडांवर आडवे मारा, तळापासून ९०० वर. तिथे पाख्यांची बाहेरून रुंदी २६० भरते, पण तुकडा ३६० लांब ठेवा आणि दोन्हीकडे ५० बाहेर राहू द्या, म्हणजे पाइपच्या ९० अंतराने चार खाचा बसतात. सॅशच्या खाचा दांडा मोजून. पुढून सायकलच्या ट्यूबची एक पट्टी ताणून हुकाला अडकवली की गाडा हलताना क्लॅम्प बाहेर येत नाहीत.

गुण्या
म्हणजे मूठ कुठे?

सहा_सूत
त्याच आडव्या पट्टीला. ५० मिमी बाहेर राहिलेली दोन टोकं गोल करा, दोन्ही हातांनी तीच धरून ढकलायचं.

पाचर
९०० अधिक खालचे चाक-लाकूड-तळ दोनशे. अकराशे उंचीवर मूठ, ठीक आहे. फक्त पाइपच्या टोकाला आटे उघडे ठेवू नका, दीड मीटरचा पाइप तळावर उभा केला की टोक पार डोळ्याच्या उंचीला येतं. पाऊण इंची एंड कॅप फिरवून टाका, चार नग.